सपाट छताच्या घराला शोभेल असे अंगण : जळगावातील एका उद्यानरचना सेवेचे परीक्षण

जळगावच्या जुन्या वसाहतींमध्ये साधारण १९५५ ते १९७५ या वीस वर्षांत बांधलेली काही घरे अजून तग धरून आहेत. सपाट स्लॅब, भिंतीच्या बाहेर लांबवर आलेले छज्जे, सिमेंटच्या जाळ्या, रुंद पोलादी खिडक्या आणि मोझॅकच्या फरश्या असलेली ही घरे आज बिल्डरांच्या दृष्टीने केवळ पाडण्याजोगी मालमत्ता असली, तरी त्यांच्यामागे वास्तुरचनेचा एक स्पष्ट विचार होता. आमचे घर याच पठडीतले आहे. त्याच्या पुढच्या अंगणाची नव्याने रचना करून देण्याचे काम आम्ही गेल्या वर्षी शहरातीलच एका छोट्या व्यवसायाकडे सोपवले. या मंडळींची स्वतःची रोपवाटिका आहे, नकाशा काढून देण्यापासून सहा महिन्यांच्या देखभालीपर्यंत सारे काम ते अंगावर घेतात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटून गेल्यामुळे आता या सेवेविषयी जबाबदारीने काही सांगता येईल. त्यांची रचनेची जाण उत्तम आहे, मात्र जमिनीखालच्या कामात त्यांनी काटकसर केली, आणि खानदेशात घर असलेल्या माणसाने ही दुसरी बाजूही तितकीच गंभीरपणे घ्यायला हवी.

घराची थोडी कल्पना दिल्याशिवाय पुढचे मुद्दे कळणार नाहीत. वडिलांनी १९६७ साली बांधलेले हे एकमजली घर पश्चिमाभिमुख आहे. पोर्चचे छत पातळ लोखंडी पाइपांवर तोललेले आहे, दर्शनी भिंतीचा एक तृतीयांश भाग घडीव काळ्या दगडाचा आहे, आणि दिवाणखान्याची खिडकी जवळजवळ भिंतभर रुंद आहे. पुढचे अंगण ४० फूट रुंद आणि ३० फूट खोल, नैऋत्य कोपऱ्यात घराइतकाच जुना कडुनिंब, आणि रस्त्याच्या बाजूला सिमेंटच्या जाळीचे कमरेएवढे कुंपण. सारे घर आडव्या रेषांवर उभे आहे. जमिनीला धरून पसरलेले असणे हेच त्याचे सौंदर्य आहे.

हे काम देण्यापूर्वी आम्ही आणखी एका ठिकाणाहून आराखडा मागवला होता. त्यात फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन बॉटल पाम, मधोमध कारंजे, त्यामागे बुद्धमूर्ती, उरलेल्या जागेत कृत्रिम हिरवळ आणि जाळीच्या कुंपणावर चकचकीत पत्र्याचे आवरण असे सगळे होते. आज शहरातल्या बहुतेक नव्या बंगल्यांपुढे हेच दिसते, आणि ज्या घराचा दर्शनी भाग उंच व सममित आहे तिथे ते कदाचित खपूनही जाईल. आमच्या घराच्या पुढ्यात मात्र दोन उंच खांबासारखी झाडे आणि मधोमध कारंजे म्हणजे घराच्या प्रत्येक रेषेला छेद देणे झाले असते. शिवाय मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या उन्हात प्लॅस्टिकची हिरवळ इतकी तापते की तिच्यावर अनवाणी पाऊल टाकणे अशक्य होते आणि तिची धग थेट घरात येते.

या शैलीच्या घरांना कसे अंगण हवे, याचा विचार जगात आणि आपल्या देशातही पुष्कळ झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कॅलिफोर्नियात थॉमस चर्च आणि गॅरेट एक्बो यांनी बाग म्हणजे लांबून पाहण्याचे चित्र नसून घराचीच बाहेरची खोली आहे, असे मानून काम केले. त्यामुळे त्यांच्या बागांत मधोमध आखलेला अक्ष आणि दोन्ही बाजूंना सारखीच झाडे ही जुनी शिस्त गेली, आणि तिच्या जागी असमान पण तोललेली मांडणी, मोठ्या लाद्या, बसण्याजोगे बुटके कट्टे आणि मोजक्या जातींचे भरघोस समूह आले. ब्राझीलमध्ये रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी स्थानिक झाडांचे मोठमोठे पट्टे रंगांच्या फटकाऱ्यांसारखे वापरले. आपल्याकडे हा विचार आणणाऱ्यांपैकी जोसेफ अ‍ॅलन स्टाइन हे १९५२ साली भारतात आले, दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांनी १९६२ साली पूर्ण केले, आणि त्याला लागून असलेल्या लोदी उद्यानाची पुनर्रचना १९६८ साली त्यांनी याच एक्बो यांच्यासोबत केली. सिमेंटची जाळी, दगडी भिंत आणि इमारतीला बिलगून येणारी हिरवाई यांचे नाते पाहायचे असेल तर त्या परिसरात एक चक्कर मारावी. आमच्या घराचा नकाशा काढणाऱ्या स्थानिक अभियंत्यापर्यंत हा विचार कोणत्या वाटेने पोहोचला असेल ते सांगता येत नाही, पण तो पोहोचला होता याची साक्ष ते छज्जे देतात.

ज्या ताईंकडे या व्यवसायात रचनेची जबाबदारी आहे, त्यांनी पहिल्या भेटीत अंगणाचे माप घेण्याआधी दिवाणखान्यात बसून खिडकीतून बाहेर काय दिसते ते पाहिले, आणि तिथेच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला. पुढचे अंगण रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसते तेवढेच घरात बसलेल्यांनाही दिसते, हे लक्षात घेणारे लोक कमी असतात. त्यानंतर त्यांनी छज्जाची खालची कड, खिडकीचा तळ आणि कुंपणाची उंची या तिन्ही रेषा मोजल्या व आराखड्यातील प्रत्येक गोष्टीची उंची त्यांच्याशी बांधली. झुडपांचा समूह खिडकीच्या तळाच्या वर जाणार नाही, बसण्याचा कट्टा १६ इंचांवर थांबेल, आणि संपूर्ण अंगणात छज्जाच्या वर डोके काढणारी झाडे दोनच असतील, एक जुना कडुनिंब आणि दुसरा नवा पांढरा चाफा. हाताने काढलेला, प्रमाणबद्ध, रंग भरलेला नकाशा आणि त्यासोबत समोरून दिसणारे दृश्य, असे दोन्ही त्यांनी दिले. संगणकावरची झगमगीत चित्रे त्यात नव्हती, आणि त्यांची उणीवही भासली नाही.

पोर्चपासून फाटकापर्यंत जाणारी पायवाट त्यांनी मधून सरळ न नेता डाव्या अंगाला सरकवली. ४ फूट लांब आणि २ फूट रुंद अशा सिमेंटच्या लाद्या जागेवरच ओतल्या, दोन लाद्यांमध्ये २ इंचांची फट सोडली आणि तीत खडी भरली. लाद्यांची लांब बाजू घराला समांतर ठेवल्यामुळे छज्जाची आडवी रेषा जमिनीवरही उमटते. रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला घर आधी होते त्याहून रुंद वाटते, आणि हा परिणाम केवळ लाद्यांच्या दिशेमुळे साधलेला आहे. लाद्यांसाठी काळा दगड किंवा शहाबादी फरशी न वापरता फिकट रंगाचे, खरखरीत पृष्ठाचे सिमेंट का, असे मी विचारले, तेव्हा पश्चिमेचे ऊन, तापणारा दगड आणि पावसात होणारी घसरण अशी तिन्ही कारणे त्यांनी लगेच सांगितली. पांढऱ्या संगमरवरी गोट्यांची कल्पना घरातल्या तरुण मंडळींनी मांडली होती. त्यांवरून उसळणारी तिरीप दुपारभर खिडकीतून डोळ्यांवर येईल, असे सांगून ताईंनी ती बाजूला ठेवायला लावली. पैसे देणाऱ्याच्या आवडीला नम्रपणे नाही म्हणणारा रचनाकार मिळणे ही भाग्याची गोष्ट आहे.

तुळशीवृंदावनाचा प्रश्न अवघड होता. जुने वृंदावन घुमटीचे, नक्षीदार आणि बरोबर मधोमध होते. आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि तिची रोजची प्रदक्षिणा, सांजवात यांत कसलाही बदल तिला नको होता. अनेकांनी एक तर ते तसेच ठेवून भोवती बाग केली असती किंवा शोभत नाही म्हणून मागच्या दारी हलवले असते. ताईंनी आईशी बराच वेळ बोलून, "माई, दारातून बाहेर पडताना तुळस तुम्हाला कुठे दिसायला हवी?" असे विचारून जागा ठरवली. आता दिवाणखान्याच्या खिडकीसमोर, पायवाटेच्या उजवीकडे, दर्शनी भिंतीतल्या दगडासारख्याच काळ्या दगडाचा, ४ फूट चौरस आणि ९ इंच उंच ओटा आहे. त्यावर साध्या चौकोनी घडणीचे वृंदावन आहे आणि त्याच्या घराकडील बाजूला दिव्यासाठी खोल कोनाडा आहे. कोनाड्याचे तोंड पूर्वेला, म्हणजे घराकडे, ठेवल्यामुळे पश्चिमेचा वारा दिव्याला लागत नाही आणि दिवा घरातून दिसतो. ओट्याच्या तिन्ही बाजूंना प्रदक्षिणेपुरती आणि समोर रांगोळीपुरती गुळगुळीत फरशी आहे. एकाही नक्षीशिवाय ते वृंदावन या घराचे वाटते. संपूर्ण कामातला हा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे, असे माझे मत आहे.

याच विचाराने दक्षिणेकडे १२ फूट बाय १० फुटांची मोकळी फरसबंदी ठेवली आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड हे सगळे अंगणात वाळते. त्यासाठी सकाळी ऊन येईल, धूळ कमी असेल आणि दोन खाटा मावतील अशी जागा लागते. बाहेरची खोली ही कल्पना खानदेशातल्या घरात अशी उतरते, आणि उरलेले दहा महिने तिथे संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता येते.

आता ज्या कामात ही मंडळी कमी पडली त्याकडे येतो. तापीच्या खोऱ्यातील काळी माती पिकाला उत्तम असली तरी बांधकामाला अवघड असते. तिच्यातील चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो, त्यामुळे उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती वर असलेले सारे उचलते. त्यामुळे लाद्या घालायच्या जागी काळी माती निदान सव्वा ते दीड फूट खणून काढावी, खाली जाड कापडी थर अंथरावा, एक फूट मुरूम पाणी मारून थराथराने दाबावा, त्यावर दोन इंच कच पसरावी आणि मगच लाद्या घालाव्यात, ही पद्धत इथल्या जाणत्या गवंड्यांना ठाऊक आहे. आमच्या फरसबंदीचे एकूण क्षेत्र सुमारे ४०० चौरस फूट, म्हणजे एक फूट जाडीसाठी चार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागतो. प्रत्यक्षात दोनच ब्रास आला. कामावरच्या मुकादमाने सहा इंच पुरेसा आहे असे सांगितले. ताई त्या काळात दुसऱ्या कामावर होत्या. जुलैचा पाऊस नीट मुरल्यावर फाटकाजवळच्या दोन लाद्या एका कडेने जवळजवळ इंचभर वर आल्या आणि वयस्कर माणसाच्या पायाला ठेच लागेल अशी धार तयार झाली. लाद्यांमध्ये लोखंडी जाळी घातलेली असल्याने त्या फुटल्या नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तुळशीच्या ओट्याचा पाया मात्र गवंड्याने स्वतःहून खोल घेतला होता, तो जागचा हलला नाही.

तक्रार केल्यावर त्यांनी जबाबदारी नाकारली नाही. तथापि प्रत्यक्ष दुरुस्तीला पुन्हापुन्हा फोन करावे लागले आणि काम दिवाळीच्या तोंडावर झाले. दुरुस्ती मात्र नीट केली. फाटकाकडचा सगळा पट्टा उचलून पूर्ण जाडीचा मुरूम घातला, आणि उतार घराकडून रस्त्याकडे, दर ६० इंचांना एक इंच, असा पाणपातळी लावून तपासला. हा उतार काळ्या मातीत फार महत्त्वाचा आहे, कारण घराच्या पायाशी पाणी साचले की अंगणातल्या लादीचे जे झाले तेच भिंतीचे होते. नव्या बागांमध्ये भिंतीला चिकटून वाफे करण्याची हौस दिसते. आमच्या आराखड्यात भिंतीपासून अडीच फुटांच्या आत एकही रोप नाही, तिथे फक्त खडीचा कोरडा पट्टा आहे, आणि त्यामुळे दगडी भिंत पायापर्यंत उघडी, स्वच्छ दिसते.

झाडांची निवड मोजकी आहे. सबंध अंगणात लावलेल्या जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील, पण प्रत्येक जातीची रोपे समूहाने आहेत. जाळीच्या कुंपणालगत वाळ्याचा लांब पट्टा आहे. हे गवत माणसाच्या खांद्याएवढे वाढू शकत असल्याने पावसाळ्यानंतर ते छाटावे लागते, पण त्याची मुळे खोलवर जाऊन माती धरून ठेवतात, आणि दुपारचे ऊन त्याच्या पात्यांतून गाळून जाळीवर पडते तेव्हा जुनी सिमेंटची जाळी प्रथमच नीट दिसू लागते. कडुनिंबाखाली स्पायडर लिलीचा एकच मोठा वाफा आहे, तो सावलीत सुखाने आहे. चाफा एका खोडाचा न घेता बुंध्यापासून फांद्या फुटलेला निवडला; पानगळीत त्याच्या उघड्या, जाडसर फांद्यांची आकृती दगडी भिंतीपुढे उठून दिसते. चाफा अंगणात लावावा की नाही याविषयी घराघरांत वेगवेगळ्या समजुती असतात, आमच्या घरात आईनेच त्याला पसंती दिली.

घायपाताच्या बाबतीत मात्र निवड चुकली. पायवाटेजवळ लहान मुले खेळतात म्हणून काटे नसलेल्या, मऊ पानांच्या जातीची सात रोपे लावली. हेतू योग्य होता, पण ही जात अर्ध्या सावलीत रमणारी आहे, आणि रोपे तर हिरव्या शेडनेटखाली वाढवलेली. ती मार्चअखेरीस थेट पश्चिमेच्या उन्हात आणून लावली आणि मेमध्ये त्यांची पाने कागदासारखी पांढरी पडून करपली. रोपवाटिकेतले रोप उघड्यावर नेण्याआधी त्याला दोन-तीन आठवडे थोड्या थोड्या उन्हाची सवय करावी लागते, आणि खानदेशात अशा लागवडीला जून-जुलै किंवा पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस योग्य असतात. स्वतःची रोपवाटिका असलेल्यांना हे सांगावे लागू नये. करपलेली रोपे त्यांनी विनामूल्य बदलली. आता तिथे साध्या कोरफडीचा घट्ट समूह आहे, काटेरी घायपात पायवाटेपासून दूर, दक्षिणेच्या कोपऱ्यात गेले आहे, आणि दोन्ही पहिल्या निवडीपेक्षा अधिक शोभतात.

हिरवळीविषयी त्यांनी पहिल्याच बैठकीत ठाम मत दिले, आणि ते मला पूर्ण पटले. मे महिन्यात जिवंत हिरवळीला दर चौरस मीटरला रोज निदान पाच-सहा लिटर पाणी लागते. आमच्या अंगणात ६० चौरस मीटर हिरवळ केली असती तर रोज ३०० लिटरांहून अधिक पाणी केवळ तिच्यात मुरले असते. आमच्या नळाला दिवसाआड पाणी येते आणि बोअर उन्हाळ्यात दम टाकतो. ठिबक सिंचनाने ज्या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचवले, त्याच जिल्ह्यात अंगणात पाइप सोडून देण्याची सवय का टिकून आहे, हे मला कधीच उमगलेले नाही. इथे त्यांनी १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, खडीखालून फिरवली, गवतासाठी आणि झाडांसाठी दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह दिले, ड्रिपर ताशी ४ लिटरचे घेतले आणि टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर बसवला. बोअरच्या पाण्यातील क्षारांमुळे ड्रिपर बुजतात, म्हणून महिन्यातून एकदा नळीचे टोक उघडून पाणी जोराने सोडायचे आणि फिल्टर धुवायचा, एवढेच काम आहे. त्यांच्याकडच्या माळीकाकांनी ते घरातल्या मुलांना शिकवून ठेवले. माळीकाका हा या सेवेचा मोठा ठेवा आहे. वाळवी लागलेल्या मुळाशी निंबोळी पेंड किती व कशी घालावी, चाफ्याची फांदी कुठून तोडली तर चीक कमी गळतो, हे ते रोपाजवळ बसून दाखवतात.

दिव्यांचे काम साधे आणि चांगले झाले आहे. कट्ट्याच्या पोटाखालून येणारा पिवळसर उजेड आणि चाफ्याच्या बुंध्याशी एक दिवा, याहून अधिक काही नाही. कुंपणाची जाळी त्यांनी पाडली नाही, फुटलेल्या चार-पाच विटांच्या जागी त्याच नमुन्याच्या नव्या विटा साच्यातून पाडून घेतल्या. फाटक नवे केले ते आडव्या पट्ट्यांचे, गडद करड्या रंगाचे.

खर्चाविषयी सांगायचे तर नकाशाचे शुल्क वेगळे आकारले गेले आणि ते मला अजिबात जास्त वाटले नाही, कारण आमच्या कामाचे खरे मोल तिथेच आहे. एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा फरसबंदी, ओटा आणि कट्टा यांत गेला. झाडांचा खर्च त्या मानाने थोडा. देयके व्यवस्थित, पक्क्या पावतीची होती, आणि ठरलेल्या रकमेबाहेर एकही रुपया मागितला नाही. सहा महिन्यांच्या देखभालीत माळीकाका दर आठवड्याला आले. मुकादमाच्या स्तरावर मात्र देखरेख सैल आहे, आणि ताई स्वतः जागेवर असतात तेव्हाचे काम व नसतात तेव्हाचे काम यांतला फरक उघड्या डोळ्यांना दिसतो.

घराची मागची बाजू आम्ही याच मंडळींकडे देत आहोत. या वेळी करारात मुरमाचे ब्रास, खोदाईची खोली आणि उताराचे प्रमाण आकड्यांत लिहून घेतले आहे. मुरूम दाबून झाल्यावर आणि लाद्या घालण्यापूर्वी ताईंनी स्वतः येऊन पाहणी करायची, आणि एक पंचमांश रक्कम पहिला पावसाळा संपल्यावर द्यायची, असेही ठरले आहे. या तिन्ही अटी त्यांनी घासाघीस न करता मान्य केल्या.